अर्ध्या तिकिटातलं भांडण

१३ सप्टेंबर, शनिवार

पालघरच्या ज्या शाळेत आमचा वर्ग भरतो तिथले बाक चौथीच्या पोरांच्या मापाचे आहेत. आम्ही सगळे कार्यकर्ते, बायका आणि पुरुष, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. मी शाळा सोडली ती चौथीतच, त्यामुळे मला बाक अगदी बरोबर बसला.

वर्गाचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : समाजकार्यातल्या कार्यकर्त्यांसाठी उजळणी वर्ग, सध्याच्या कामातली आव्हानं. शिकवायला ज्ञानेश्वरी मॅडम. माझ्या इंद्रजीतच्या वयाच्या असतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या कामात सगळ्यात मोठं आव्हान कोणतं?" एक जण म्हणाला, नेटवर्क. एक बाई म्हणाली, नवरे. मी विचारलं, "कोणाचे?" वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या शिकवणीच्या बाई बघायला आल्या. बावन्न वर्षांची झाले, पण वर्गात सगळ्यांना हसवायचं सुख मला आज पहिल्यांदा मिळालं.

मॅडम म्हणाल्या, वर्ग चालू असेपर्यंत रोजनिशी लिहा, मनात येईल ते लिहा, मी बघणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

खरी गोष्ट अशी आहे की हा वर्ग मला पास व्हायलाच हवा. बोईसरच्या आमच्या समुपदेशन केंद्राने सांगून टाकलंय, ज्याच्याकडे या वर्गाचं प्रमाणपत्र त्यालाच दिवाळीनंतर काम. आणि मी मूर्खासारखी इंद्रजीतला फोनवर म्हणून बसले, "नापास झाले तर खोली सोडते आणि हडपसरला तुमच्याकडे राहायला येते." तो इतक्या आनंदाने "शब्द दिलास हं आई" म्हणाला की परत घेता आला नाही. पोरगा चांगला आहे. सून प्रतीक्षा त्याहून चांगली आहे. पण तिथे मी कोणाची तरी आई आणि कोणाची तरी आजी असते. इथे लोक मला कामासाठी शोधत येतात.

शेजारच्या बाकावर कैलास नावाचे गृहस्थ बसतात. मूळचे भुसावळकडचे, पालघरला एका दवाखान्यात काम करतात. पेशंटच्या नातेवाइकांना कागद, रक्त, गाडी आणि धीर मिळवून देणं हे त्यांचं काम. राहायला बोईसरलाच. त्यांची बायको गेलेली आहे. ते बोलले नाहीत, मला डब्यावरून कळलं. नुसती खिचडी, तीही खालून लागलेली. मी माझी भाजी अर्धी दिली. "ताई, फार दिवसांनी मीठ बरोबर पडलेलं काहीतरी खाल्लं," म्हणाले.

१५ सप्टेंबर

मॅडमनी दिलेली पानं वाचली, मोठ्याने. मला मनात वाचता येत नाही. नागोराव, माझे मालक, रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तकं आणायचे. स्वतःला वाचायचा कंटाळा. शिफ्टवरून आले की आडवे पडायचे आणि म्हणायचे, "चालू कर." मी जे काही शिकले ते त्यांना वाचून दाखवताना शिकले. ते गेले तरी मोठ्याने वाचायची सवय गेली नाही. आजच्या पानांवर लिहिलं होतं, कार्यकर्त्याने आपल्या भावना ओळखाव्यात, त्यांना नाव द्यावं. नाव दिलं. मग भाकरी टाकल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

मॅडमनी जोड्या लावून भूमिका करायला दिल्या. मी आणि कैलास. विषय असा : बायको कामावर जाते, नवऱ्याला ते नको आहे. पुढच्या शनिवारी वर्गासमोर करून दाखवायचं. परतीच्या एस.टी.त जागा शेजारी-शेजारी मिळाली, तर ते म्हणाले, "ताई, तासभर आहे, सराव करून टाकू."

एस.टी. अशी खडखडत होती की हळू बोललं तर ऐकू येत नव्हतं.

"उद्यापासून कामावर जायचं नाही," कैलास म्हणाले.

"का?" मी म्हटलं.

"मी सांगतो म्हणून."

हे ऐकून मला खरंच राग आला. नागोराव मला असं कधी बोलले नाहीत, त्यामुळे तो राग कुठून आला माहीत नाही, पण आला. मी खिडकीची दांडी धरून म्हटलं, "वीस वर्षं तुमचं ऐकलं! तुमचे डबे केले, तुमची आजारपणं काढली, आता मला चार लोक नावानं ओळखायला लागले तर तुमच्या पोटात दुखायला लागलं?"

पुढच्या सीटवरची एक तरुण पोरगी वळली. मांडीवर झोपलेली लेक, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. "काका, जाऊ दे ना तिला कामाला. ती काय पलून चालली हाय?"

मागून दांडी गावच्या एका मासेवालीचा आवाज आला, "काय रं मेल्या, बायको कमवते तं तुला का झोंबते?"

"गोजराबाई, तू टोपली आधी आत घे," कंडक्टरबाई तिला म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "आणि मावशी, तुमचं तिकीट अर्धं आणि भांडण फुल्ल! जरा हळू."

एक कामगार उभा होता तोही म्हणाला, "भाईसाब, आजकल दोनों कमाते हैं, तब भी पूरा नहीं पड़ता."

मी घाबरले. म्हटलं, "अहो, तुमचा गैरसमज होतोय, आम्ही नवरा-बायको नाही!"

एस.टी. थांबलेली नव्हती पण थांबल्यासारखी वाटली. गोजराबाई म्हणाली, "नाय? मंग कोन?" कंडक्टरबाई म्हणाली, "लग्न नाही आणि एवढी सत्ता?"

कैलासांचे कान लाल झाले. "आहोत, आहोत!" ते ओरडले. "रागात बोलते ती! आहोत आम्ही!" आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "कर बाई, नोकरी कर. चुकलं माझं."

अख्ख्या एस.टी.ने टाळ्या वाजवल्या. गोजराबाईने मला डोळा मारला. बोईसरला उतरल्यावर आम्ही दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून इतकं हसलो की लोकांना वाटलं, मिटलं यांचं.

२१ सप्टेंबर

इंद्रजीतला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "कोण कैलास?" मी म्हटलं, वर्गातले. "बरं," म्हणाला. एवढी मजेची गोष्ट, पण पोराने पार वाया घालवली.

२४ सप्टेंबर

एस.टी.तली ती पोरगी आज केंद्रात आली. माझ्या खांद्यावरच्या पिशवीवर केंद्राचं नाव होतं ते तिने वाचून ठेवलं होतं. नाव चिमी. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. पावसाळ्यात बहिणीच्या खोलीवर आली आणि एका कंपनीत पॅकिंगला लागली. लेक भागी बालवाडीत जाते.

आत आली, बसली आणि सगळ्यात आधी विचारलं, "बाई, तुझा नवरा आता कसा हाय? परत बोलला काय?"

मी सांगणारच होते. तोंड उघडलं होतं. पण सात वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं, नवरा कसा आहे. तोंडातून निघालं, "बरा आहे."

आणि ते म्हणताना क्षणभर खरंच वाटलं, बरा आहे, घरी आहे, आडवा पडलाय, चालू कर म्हणतोय.

मग ती बोलायला लागली आणि मी ऐकायला. तिचा नवरा जिवल्या गावाला भाताची शेती बघतो. दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर जातं. भट्टीवर जोडी लागते, नवरा आणि बायको. एकट्याला काम नाही. म्हणजे ही गेली नाही तर जिवल्याचंही काम जातं. आणि ही गेली तर कंपनी सुटते, भागीची शाळा सुटते. तिला इथेच राहायचंय. जिवल्याला हे माहीत नाही.

"मारतो का?" मी विचारलं.

"नाय गं. तो काय मारल? तो बोलतच नाय. मी तोंड उघडलं की मलाच रडू येतं आन् मंग तो समजतो मला बरं नाय."

मला वर्गाच्या परीक्षेत मांडायला एक नवीन केस हवीच आहे, पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत. ती स्वतःहून चालत आली. पण आली ती माझ्या खोट्या नवऱ्यावर भरवसा ठेवून. पुढच्या भेटीत सांगेन.

२७ सप्टेंबर, शनिवार

आमचं भांडण वर्गात पडलं. सपशेल. एस.टी.त जे रक्त उसळलं होतं ते बाकावर उसळेना. मॅडम म्हणाल्या, "छान, पण थोडं पाठ केल्यासारखं वाटलं." कैलास माझ्याकडे बघून म्हणाले, "कंडक्टर हवी होती."

नंतरचा विषय होता, क्लायंटला स्वतःबद्दल किती सांगावं. मॅडम म्हणाल्या, "आपलं दुःख समोरच्याला सांगण्याआधी विचारा, हे तिच्या उपयोगाचं आहे की माझ्या?" मी उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. आपल्याकडे नसलेला नवरा सांगण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

परतीच्या एस.टी.त तीच कंडक्टरबाई. "काय काका, जाऊ देता ना कामाला?" कैलास म्हणाले, "मी कोण जाऊ देणार? ती जाते." बाईने मान डोलावली. मलाही ते उत्तर फार आवडलं.

आज त्यांनी मला दिवसभरात एकदाही ताई म्हटलं नाही. नुसतं इंदुबाई. विसरले असतील.

३० सप्टेंबर

चिमी दुसऱ्यांदा आली. सांगायचं ठरवून बसले होते. ती आली तीच सल्ला घेऊन. "बाई, तू एक कर. त्याला रात्री सांगत जाऊ नको, पुरुषाला रात्री काय समजत नाय. सकाळी भाकरी खाताना सांग." मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं. कोण कोणाची केस आहे तेच कळेना.

नेमके तेव्हाच कैलास मॅडमची पानं द्यायला आले. दारात त्यांना बघून चिमी उभी राहिली. "काका, नीट वागता ना?"

"प्रयत्न करतो," कैलास खाली मान घालून म्हणाले.

"घरात पानी कोन भरतो?"

"मी... मीच भरतो."

हे खरं होतं. स्वतःच्या घरात तेच भरतात. चिमी खूश झाली. ती गेल्यावर ते म्हणाले, "इंदुबाई, हे फार वाढायच्या आधी सांगून टाकू." मी म्हटलं, हो. आणि मग आम्हाला परत हसू आलं.

२ ऑक्टोबर, दसरा

बाजारात झेंडू घेत होते तर मागून चिमी. भागीला कडेवर घेऊन. तिने आपट्याची पानं हातात दिली, "सोनं घे बाई." मग अजून एक पान काढलं. "हे तुज्या मालकाला दे. सांग, चिमीनं दिलं."

घरी आले. ते पान कुठे ठेवायचं कळेना. शेवटी नागोरावांच्या फोटोसमोर ठेवलं. ते पान त्यांचं नव्हतंच, पण द्यायला दुसरं कोणी नव्हतं. सात वर्षांपूर्वी शिफ्टवरून आले, चहा मागितला आणि चहाला उकळी येईपर्यंत गेले. मी ठरवून रडत नाही. भांडी घासताना होऊन जातं. आज मात्र भांडी घासायच्या आधीच झालं.

४ ऑक्टोबर, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत ज्ञानेश्वरी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. एस.टी., टाळ्या, बरा आहे, आपट्याचं पान. एस.टी.च्या भागाला त्या हसल्या, मी पाहिलं. पानाच्या भागाला हसल्या नाहीत.

"इंदुबाई, तिला तुम्ही स्वतः सांगायचं. लवकर."

"ती निघून गेली तर?"

"जाईल कदाचित."

"मग माझी केस?"

"केस तुमची नाहीये," त्या म्हणाल्या. "तिची आहे."

रागाने नाही बोलल्या. म्हणून जास्त लागलं. बाई बरोबर होती.

७ ऑक्टोबर

सांगितलं.

"चिमी, तो माझा नवरा नाही."

"मंग कोनाचा?"

"कोणाचाच नाही. आमच्या वर्गात भांडणाचा सराव करायला दिला होता. एस.टी.त तो करत होतो. लोकांनी खरं धरलं आणि आम्ही खरं सांगितलं नाही. माझा नवरा सात वर्षांपूर्वी गेला."

तिच्या डोक्यात एकेक गोष्ट मागे जात होती ते मला दिसत होतं.

"मी इचारलं तेव्हा तू बोललीस, बरा हाय."

"हो."

"मेलेला मानूस बरा हाय?"

याचं उत्तर मॅडमच्या कुठल्याच पानावर नव्हतं.

"मी तुला माज्यासारकी समजून माज्या घरचं सांगितलं," ती म्हणाली. चप्पल घातली आणि गेली. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती माझ्यासाठी मारली असती.

८ ऑक्टोबर

आली नाही. का यावी?

११ ऑक्टोबर, शनिवार

वर्गात आजचा विषय होता, कामाचा थकवा. थकलेल्या कार्यकर्त्याची लक्षणं फळ्यावर लिहिली. झोप न येणे, चिडचिड, हसू न येणे. कैलासांनी माझ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, "तिसरं लक्षण तुम्हाला शोभत नाही." मी खोडलं. मग उगाच हसू आलं.

कैलास म्हणाले, मॅडमना सांगून एखादी जुनी केस मांडा. मी म्हटलं, नाही. जी झाली तीच मांडणार, अर्धी तर अर्धी. नापास तर नापास. हडपसरचं पाणी गोड आहे म्हणतात. मी असं म्हटल्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. दुपारची खिचडी बाधली असेल.

१३ ऑक्टोबर

शिफ्ट सुटल्यावर चिमी आली! मी उभी राहिले तर म्हणाली, "बस, बस. राग गेला नाय माजा."

"बरं."

"एक इचारायचंय. ते भांडन तुमी आदी पाठ केलेलं?"

"थोडं ठरवलं होतं. मग बोलत गेलो."

"तरीच." ती खुर्ची ओढून बसली. "तरीच तू रडली नाय. मी इच्यार करत होते, ही बाई एवडी बोलते तरी रडत कशी नाय. मला वाटलं तुज्यात हिंमत हाय. हिंमत नाय, सराव हाय. सराव तं मला पन करता येल."

आणि टेबलावर हात मारून म्हणाली, "मंग शिकव. आन् त्या खोट्या नवऱ्याला बोलव."

मी कैलासांना फोन केला. दवाखान्यातून सुटून आले, घामाघूम. त्यांना जिवल्या केलं. ते नेहमीप्रमाणे सुरू झाले, "माझ्याशिवाय कशी राहशील तू..."

"नाय नाय," चिमी म्हणाली. "जिवल्या बोलत नाय. तो बिडी ओढतो आन् बघतो."

कैलासांनी पेन बोटात धरून बिडी ओढली आणि बघितलं. चिमीला रडू आलं. थांबलो. पाणी दिलं. परत. परत रडू आलं, पण दोन वाक्यांनंतर. परत. पाचव्यांदा का सहाव्यांदा तिने पूर्ण सांगितलं : भट्टी नको, भागीची शाळा, माझं काम, मी पळून जात नाही, शेतीला मी येईन, तू माझा नवराच आहेस. शेवटचं वाक्य तिने स्वतःहून घातलं. कैलास बिडी ओढायची विसरले.

भागीला बाहेरच्या बाकावर खडू देऊन बसवलं होतं. तिने आमच्या केंद्राच्या पायरीवर एक मोठा मासा काढला. पुसायला मन होईना.

१६ ऑक्टोबर

चिमी गावाला जाऊन आली. दारातूनच हसत होती.

"काय म्हणाला?"

"सकाळी भाकरी खाताना सांगितलं. मी बोलले, जिवल्या, मी भट्टीवर येनार नाय. तो बोलला, बरं."

"बरं?"

"बरं! एवडंच! बोलला, भावाला जोडीला घेतो, त्याची बायको तशीबी बालंतीन हाय, ती येनार नाय."

"मग तू काय केलंस?"

"काय करनार? मी एवडं पाठ केलेलं. मी सगलं बोलले! भागीची शाला, माजं काम, सगलं. तो बोलला, अगं मी हो बोललो. मी बोलले, गप, अजून संपलं नाय माजं."

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. ती पण. हसता हसता म्हणाली, "बाई, तो बोलला त्याला आदीच वाटलेलं. पावसालाभर वाट बघत होता मी कधी बोलते. मला वाटलं तो बोलत नाय. तो बोलला, तूच बोलत नाय."

जाताना थांबली. "तुजा खरा नवरा कसा होता?"

मी सांगितलं. पुस्तकं, शिफ्ट, चालू कर. माझ्या उपयोगाचं का तिच्या, हे आज विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर

केंद्रातल्या एका बाईने सुचवलं, "इंदुबाई, तुझा भाऊ इथे कोणी नाही, कैलासरावांची बहीण लांब. भाऊबीजेला ओवाळ की त्यांना." मला बाई ते फार आवडलं. लगेच फोन केला. "भाऊबीजेला या, ओवाळते." ते म्हणाले, "त्या दिवशी मला भुसावळला जायचंय." मी म्हटलं, परवाच तर म्हणालात सुट्टी नाही. "मिळाली," म्हणाले. "आत्ताच मिळाली."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दुपारी बोईसरच्याच चित्रालय भागातल्या बाजारात कैलास दिसले, पालेभाजी घेताना. मी हाक मारली तर म्हणाले, गाडी चुकली. "मग चला, ताट तयारच आहे," मी म्हटलं. तर त्यांना एकाएकी सर्दी झाली. पुरुष माणसं ओवाळून घ्यायला एवढी का लाजतात कळत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज केस मांडली. चिमीला विचारून, नाव आणि गाव बदलून. सगळं मांडलं, एस.टी.पासून. वर्ग आधी हसला, मग 'बरा आहे'ला गप्प झाला, मग 'अजून संपलं नाय माजं'ला परत हसला. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

निकाल : बाकी सगळ्या भागांत पास. 'व्यावसायिक मर्यादा' या भागात पुन्हा बसायचं, जानेवारीत. मॅडम म्हणाल्या, "चिमीचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण ते खोट्यावर उभं होतं, आणि तेरा दिवस तुम्ही ते तसं ठेवलंत. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?" मी म्हटलं, "पुन्हा बसवा म्हटलं असतं."

केंद्राला कळवलं. जानेवारीपर्यंत ठेवतो म्हणाले, पुढचं पुढे. म्हणजे मी पासही नाही, नापासही नाही. इंद्रजीतला काय सांगायचं? जानेवारीचं निमित्त पुढे करून वेळ मारून नेता येईल. पण वेळ मारून नेली की काय होतं ते या महिन्यात बघून झालंय. त्याला खरं सांगायला हवं की मी पार नापास झाले असते तरी मला जायचं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

मी म्हटलं, चिमीला जमलं तर मलाही सराव करून जमेल. कैलासांना केंद्रासमोरच्या टपरीवर बोलावलं. दोन चहा सांगितले आणि म्हटलं, "तुम्ही इंद्रजीत व्हा. मला हडपसरला ओढा. जोरात ओढा, तो वकिलासारखा बोलतो."

त्यांनी घसा साफ केला. "आई," म्हणाले, "तू एकटी... म्हणजे तसं एकटी नाही... पण तुझं मन इथे रमत असेल तर तू इथेच राहा."

"अहो, तो असं म्हणणार नाही!"

"बरं. आई, शब्द दिला होतास. आता खोली सोड आणि..." थांबले. चहा ढवळायला लागले. टपरीवरचा चहा, साखर आधीच घातलेली, ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आणि काय?"

"सोडू नकोस," म्हणाले.

मी वैतागले. "जिवल्या इतका छान केलात. एस.टी.त तर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. आणि साधा इंद्रजीत जमत नाही?"

"नाही जमत," म्हणाले.

मग मी सराव सोडून दिला आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. एका दमात सांगितलं. इंद्रजीत, मी शब्द दिला होता तो मोडते. मी पास नाही. पण पास झाले नाही म्हणून तिकडे येणारही नाही. तुझ्या घरात मला काही कमी नाही. इथे माझं घर आहे, काम आहे, तुझ्या बाबांची पुस्तकं आहेत आणि मला हसायला येतं इथे. हे शेवटचं ठरवलेलं नव्हतं, निघालं.

तो म्हणाला, "आई, बाबा गेल्यापासून तुला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं." मी म्हटलं, रागावलास का? "रागावलो," म्हणाला. "पण राहा." आणि नाक ओढून म्हणाला, "ते एस.टी.तले काका आहेत का तिथे? दे त्यांना."

मी फोन दिला. कैलास उभे राहिले, जणू समोर कोणी साहेब आहे, आणि टपरीच्या मागे गेले. मला अर्धवटच ऐकू आलं. "हो. हो. नाही, अजून नाही विचारलं." मग बराच वेळ नुसतं हं, हं. परत आले तेव्हा कान एस.टी.तल्यासारखे लाल.

"काय विचारायचं राहिलंय?" मी विचारलं.

"शनिवारी सांगतो," म्हणाले.

"पुढच्या शनिवारी वर्ग नाही. वर्ग संपला."

"माहीत आहे," म्हणाले, आणि दोन्ही चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

शनिवार एक तारखेला येतो. घरी येऊन मी उगाच कॅलेंडर बघितलं, मग आरशात बघितलं, मग स्वतःलाच म्हटलं, इंदू, वेडी झालीस काय. आणि नागोरावांच्या फोटोसमोर बसून एक अख्खं प्रकरण मोठ्याने वाचलं. मध्येच हसत होते. पुस्तकात हसण्यासारखं काही नव्हतं.